एक्केचाळीस वेळा 'हो'

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. पाटीएवढा रुंद, वहीएवढा जाड आणि उजव्या कोपऱ्यात तडा गेलेला. हल्ली माझा मुक्काम बिस्किटांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात असतो. सोबतीला खडूचे तुकडे, एक बोथट कात्री आणि अर्धी मोडलेली पट्टी आहे. पट्टी माझ्याशी फारशी बोलत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आपली जीवनकथा सांगणारे बहुतेक जण स्वतःचं कौतुक सांगतात. मी किती झिजलो, किती उपयोगी पडलो, आणि शेवटी लोकांनी मला कसं अडगळीत टाकलं! माझं तसं नाही. मला कुणी टाकून दिलं नाही. उलट इथली माणसं माझ्याशी इतकी चांगली वागली की मलाच जास्त मेल्यासारखं झालं. एका मुलीचं अख्खं वर्ष मी जवळजवळ बुडवलं होतं, त्याची ही गोष्ट आहे. सांगताना लाज वाटते, पण सांगितली नाही तर त्याहून जास्त वाटेल.

माझा जन्म एका अवाढव्य कारखान्यात झाला. एका दिवसात आम्ही हजारो भावंडं जन्मलो. कुणाच्या नशिबी गाणी आली, कुणाच्या नशिबी नकाशे. माझ्या नशिबी शाळा आली. दूरच्या एका थंड शहरातल्या हुशार माणसांनी माझ्यात इंग्रजीचे एकोणीस धडे भरले. आवाज दिला तो एका पोक्त बाईचा, शांत आणि गोड. माझ्या पोटात नव्वद भाषांची अक्षरं होती. मराठीसुद्धा होती, म्हणून तर आज तुमच्याशी बोलतोय. फक्त ज्या मुलांना मी शिकवणार होतो, त्यांची भाषा तेवढी नव्हती. हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही. मला तर अजिबात नाही. मी नवाकोरा होतो आणि डोक्यात हवा गेली होती.

आधी जहाज, मग चिमुकलं विमान, मग होडी, असा खोक्यात बसून मी प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या एका टोकाच्या बेटावर उतरलो. लिहितात किरिबाती, पण म्हणतात किरिबास. या लोकांच्या अक्षरांत 'स' नाहीच. 'ति' लिहायचं आणि 'स' नाहीतर 'सि' म्हणायचं, झालं. एवढी साधी गोष्ट मला कुणी वेळेवर सांगितली असती, तर माझी अर्धी फजिती टळली असती.

तेबिके गावाने माझं स्वागत मानेआबात केलं. मानेआबा म्हणजे गावाने एकत्र बसायचं मोठं छप्पर. भिंती नाहीत, सगळीकडून वारा. तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. मी कुणाच्याच घराण्याचा नव्हतो, म्हणून मला मधोमध चटईवर ठेवलं. फुलांचा मुकुट आणला होता, पण मला डोकं कुठे? शेवटी तो माझ्या कोपऱ्याला अडकवला.

गावातले सगळ्यात वयस्कर तेबाउ आजोबा. ते बोलल्याशिवाय मानेआबात कुणी तोंड उघडत नाही. ते म्हणाले, "हा पाहुणा आपल्या पोरांना शिकवायला आलाय. त्याला उन्हात टाकू नका, खाऱ्या पाण्यात भिजवू नका आणि त्याच्यासमोर घरची भांडणं काढू नका. सगळं पाठ करून ठेवेल तो!"

सगळे खदखदून हसले. मी ते हसू रुबाबात ऐकून घेतलं.

शाळा दोन खोल्यांची. धाकट्या दोन वर्गांना एक नवीन बाई होत्या. तिसरीपासून सहावीपर्यंतचा सगळा पसारा ताबेराबाईंच्या एकटीच्या गळ्यात. एका भिंतीशी तिसरी-चौथी, समोरच्या भिंतीशी पाचवी-सहावी. इकडे पाढे म्हणून घ्यायचे आणि मान वळवून तिकडे निबंध सांगायचा. दुपारपर्यंत बाईंचा घसा बसायचा. "देवाने मला दोन तोंडं द्यायला हवी होती," त्या म्हणायच्या. "पण एकच दिलंय, आणि नवऱ्याला तेसुद्धा जास्त वाटतं."

म्हणून मी आलो तेव्हा बाईंना खरंच हायसं वाटलं. माझ्यामागचा विचारही चांगला होता, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने शिकावं, कुणी कुणासाठी थांबू नये, कुणी मागे पडू नये. तिसरीच्या मुलांच्या मागे पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याच्या आडोशाला मला उभं केलं. सहावीतलं एकेक मूल येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचं. मी एक गोष्ट सांगायचो. मग इंग्रजीतच विचारायचो, "समजलं का? पुढे जाऊ या का?" त्याच क्षणी त्या मुलाचा फोटो काढायचो, म्हणजे एकाच्या जागी दुसरा येऊन बसायला नको. मूल 'हो' म्हणालं की प्रश्न, उत्तरं आणि पुढचा धडा. आठवड्यातून एकदा बाईंना आणि राजधानीतल्या कचेरीला ठिपके दाखवायचो. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे अडलंय.

बेरेनातो नावाचा एक मुलगा अडखळत वाचायचा. चार ओळींना पाव तास. वर्गात पोरं त्याची नक्कल करायची. माझ्यासमोर हसायला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत तो धडाधड वाचायला लागला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की हा टॅब अगदीच कुचकामी होता.

पहिल्याच दिवशी मी हजेरी घेतली. नाव पुकारलं, "तेरेतिया."

कुणी उठलं नाही.

"तेरेतिया!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कोण ही तेरेतिया? आणि मग एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, आपली तेरेसिया! हा तिला तेरेतिया म्हणतोय!" जो काही हशा पिकला! मागच्या ओळीत एक सडपातळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तोपर्यंत मी लिहूनही टाकलं होतं: तेरेतिया, गैरहजर.

"काय गं, आज तू आलीच नाहीस!" मुलं तिला दिवसभर चिडवत राहिली. बाई म्हणाल्या, "पुरे झालं. पाहुणा आहे, जीभ जड आहे त्याची. शिकेल हळूहळू."

मी शिकलो नाही. मला शिकता येत नव्हतं, फक्त शिकवता येत होतं.

त्या दिवशी मी इथला एक शब्द पहिल्यांदा ऐकला. तेरेसियाची मैत्रीण म्हणाली, "तिला मामा वाटतेय." तुमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ. इथे मामा म्हणजे लाज. तुम्हाला हसू येईल, पण हा शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच.

मग तिची माझ्यासमोर बसायची पाळी आली. ती वाकून, जवळजवळ गुडघ्यांवर चालत आली. मोठ्या माणसांसमोरून इथे असंच जातात. माझा आवाज पोक्त बाईचा, म्हणून तिने मला मोठं माणूस मानलं. मी पहिला धडा सांगितला. टॉम नावाचा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो, तो हातमोजे घालतो आणि शाळेत जातो. तेबिकेमध्ये बर्फ म्हणजे दुकानातल्या पेटीत मासे झाकतात तेवढाच. तरी ती एकाग्र होऊन ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "समजलं का? पुढे जाऊ या का?"

तिने भुवया वर उचलल्या.

मित्रांनो, किरिबासमध्ये 'हो' म्हणायला तोंड लागत नाही. भुवया वर गेल्या की झालं. चहा घेणार का? भुवया. मासे मिळाले का? भुवया. आणि विचारणारं माणूस वयाने मोठं असेल, तर तोंड वाजवण्यापेक्षा हेच जास्त अदबीचं. हे इथल्या दोन वर्षांच्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं. मला डोळा होता, पण त्या डोळ्याचं काम फोटो काढायचं. 'हो' ऐकायचं काम कानाचं. आणि कानाला काहीच ऐकू आलं नाही.

"उत्तर मिळालं नाही," मी गोड आवाजात म्हणालो. "पुन्हा प्रयत्न करा."

तिने भुवया आणखी वर नेल्या.

"उत्तर मिळालं नाही. पुन्हा प्रयत्न करा."

तिसऱ्यांदा तिने भुवयांबरोबर हनुवटीसुद्धा उचलली आणि थोडंसं हसली. मी म्हणालो, "धडा अपूर्ण राहिला. पुढच्या वेळी आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. टॉम उठला, बर्फ पडला, टॉमने हातमोजे घातले.

बाकीची मुलं कशी सुटली? ती ओरडायची. मी बहिरा आहे, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं. कपाटामागून "येस! येस!" अशा आरोळ्या यायच्या आणि समोर बसलेल्या तिसरीतल्या पोरी कान झाकायच्या. एकदा बेरेनातोने तेरेसियाला माझ्यासमोरच सांगितलं, "अगं, ओरड ना त्याच्यावर. त्याला भुवया कळत नाहीत."

ती दचकली. "वेडा आहेस का? एवढ्या मोठ्या बाईच्या अंगावर ओरडू? घरी कळलं तर बाबा काय म्हणतील?"

"ती बाई नाहीये, यंत्र आहे!"

"आवाज तर बाईचाच आहे ना?" ती हळूच म्हणाली. "आणि ती म्हणतेय माझं चुकलं, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल."

हे सगळं माझ्या कानावर पडलं होतं. पण ते इथल्या भाषेत होतं, आणि ती भाषा मला तेव्हा येत नव्हती. पुढे ऐकून ऐकून ती कानात मुरली, जीभ मात्र जड ती जडच राहिली. आज त्यातला शब्द न शब्द कळतो, आणि वाटतं की कळला नसता तर बरं झालं असतं.

ताबेराबाईंना का दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. त्या समोरच्या भिंतीशी असायच्या आणि मी कपाटाच्या आड. त्यांना फक्त माझा आवाज यायचा: उत्तर मिळालं नाही, पुन्हा प्रयत्न करा. महिन्यामागून महिने तेरेसियाच्या नावापुढे लाल ठिपका. एक दिवस बाईंनी उसासा टाकला आणि तिला म्हणाल्या, "बाळा, तू थोडे दिवस तिसरीत बसत जा हं. पाया पक्का करू या."

बारा वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या पोरांत, कपाटाला पाठ लावून बसायला लागली. तिचे गुडघे सगळ्यांच्या वर यायचे. ती कुणाशी बोलेनाशी झाली. तरी पाळी आली की बाई तिला माझ्यासमोर पाठवत राहिल्या, सराव व्हावा म्हणून.

तिचे वडील बारानिको माडाची नीरा काढायचे. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं आणि वर गेलं की मोकळ्या गळ्याने गायचं, म्हणजे वर माणूस आहे हे खालच्यांना समजतं. बारानिकोंचं गाणं शाळेपर्यंत यायचं. मुलं म्हणायची, आला आमचा रेडिओ! एक दिवस ते नीरेची बाटली घेऊन शाळेत आले आणि दारातच बसले.

"बाई, एक विचारू? माझी पोरगी मठ्ठ आहे का?"

"असं काय बोलता, बारानिको?"

"नाही, खरं सांगा. घरी ती धाकट्या भावाला गणित शिकवते. जाळी विणताना माझे फास मोजते आणि माझी चूक काढते. मग इथे काय होतं तिला?"

बाईंनी मला उचललं आणि लाल ठिपका दाखवला. "हा तरी खोटं कशाला बोलेल? त्याला ना कुणी नातलग, ना कुणी वैरी."

बारानिकोंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यासमोर मान खाली घातली. "तिला सांभाळून घ्या," ते मला म्हणाले. नीरेची बाटली त्यांनी माझ्याजवळच ठेवली. मला पिता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं, किंवा आलंही असेल.

दुसऱ्या दिवसापासून माडावरचं गाणं बंद झालं. बारानिको मुकाट चढायचे आणि मुकाट उतरायचे.

वर्ष संपत आलं. सहावीची मुलं होडीने पलीकडच्या बेटावरच्या मोठ्या शाळेत जाणार होती. त्या वर्षी माझ्या धड्यांची योजना आखणाऱ्यांनी नियम केला होता की ज्याचे एकोणीसच्या एकोणीस धडे झाले नसतील, त्याने आणखी एक वर्ष इथेच थांबायचं. दहा मुलांपैकी नऊ जणांची यादी तयार झाली. उरलेलं नाव कुणाचं, ते सांगायला नको.

यादी वाचायला कचेरीतून तोआनीसाहेब येणार होते. त्याच्या आदल्या दुपारी मी बंद पडायला लागलो. फोटोंनी माझं पोट भरलं होतं. "जागा शिल्लक नाही," मी कुरकुरलो. बाई शाळा सुटल्यावर मला मांडीवर घेऊन बसल्या आणि एकेक फोटो पुसायला लागल्या. बेरेनातो, तोंड आ वासून ओरडतोय. पुसला. कुणी जांभई देतंय. पुसला. मग तेरेसिया आली. बाईंचं बोट खाली आलं आणि तसंच हवेत राहिलं.

फोटोत तेरेसियाच्या भुवया वर होत्या.

पुढचा फोटो. भुवया वर. त्याच्या पुढचा. भुवया वर, हनुवटी वर, ओठांवर कसनुसं हसू. बाई भराभर पुढे जायला लागल्या. हळूहळू ते हसू नाहीसं होत गेलं, डोळ्यांखाली सावली आली, मान खचत गेली. भुवया मात्र प्रत्येक फोटोत वर होत्या. शेवटी शेवटी तर तिने डोळ्यांत पाणी आणून भुवया ताणल्या होत्या.

"अगं बाई गं," ताबेराबाई पुटपुटल्या. "अगं माझी बाई! ही 'हो' म्हणतेय!"

त्यांनी मोजले. एक्केचाळीस. मग मला चटईवर पालथं ठेवलं आणि पदर नव्हता म्हणून झग्याच्या टोकानेच तोंड झाकलं. "बावीस वर्षं शिकवतेय," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "मला भुवया कळत नाहीत? मी बघितलंच नाही. एकदासुद्धा उठून बघितलं नाही."

त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. दोष द्यायला मी समोर पडलेला होतो, आयताच. त्यांनी तो सगळा स्वतःकडे घेतला. मला मामा वाटते म्हणजे काय होतं, ते मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव मानेआबात जमलं. तोआनीसाहेबांनी नऊ नावं वाचली आणि कागदाची घडी घातली. बाई उठल्या, तेबाउ आजोबांची परवानगी घेतली आणि सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी सांगितली, माझी नंतर.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, तुमची माया मला समजते. पण उद्या प्रत्येक गाव म्हणेल, आमच्या पोराच्या भुवया वर होत्या. कचेरीत मी काय दाखवू? नियम सगळ्यांना सारखा असतो. या यंत्रापुढे कुणी लहान नाही नि कुणी मोठा नाही."

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला उचललं, वाकून पुढे गेल्या आणि तेबाउ आजोबांसमोर ठेवलं. "आजोबा, एवढं याचं ऐकाल?"

मी सुरू झालो. टॉम उठला, बर्फ पडला, टॉमने हातमोजे घातले. बाई एकेक वाक्य इथल्या भाषेत सांगत होत्या. आजोबा मन लावून ऐकत होते. "गार असूनही शाळेत जातो म्हणजे पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. मग मी विचारलं, "समजलं का? पुढे जाऊ या का?"

तेबाउ आजोबांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र भुवया उचलल्या. अशा उचलल्या की कपाळावर चार आठ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या बाळालासुद्धा दिसलं असेल.

"उत्तर मिळालं नाही," मी म्हणालो. "पुन्हा प्रयत्न करा."

बाईंनी त्याचा अर्थ सांगितला. ज्या माणसापुढे सगळं बेट वाकून जातं, त्याला मी सांगत होतो की तुम्ही उत्तर दिलं नाही. आजोबांनी पुन्हा भुवया उचलल्या. मी पुन्हा तेच म्हणालो. मला थांबायचं होतं, मित्रांनो, शपथेवर सांगतो. पण मला थांबता येत नव्हतं. "धडा अपूर्ण राहिला. पुढच्या वेळी आपण पहिल्यापासून सुरुवात करू."

आजोबांनी दाढी खाजवली. "सत्त्याऐंशी वर्षं निभावलं. आज नापास झालो."

बायकांच्या बाजूने खुसखुस सुरू झाली आणि बघता बघता सगळं छप्पर हसायला लागलं. आजोबा मात्र लगेच गंभीर झाले. "ताबेरा, या पोरीला याने असं किती वेळा केलं?"

"एक्केचाळीस वेळा, आजोबा."

"आणि ती एकदाही याच्या अंगावर ओरडली नाही?"

"नाही."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "मग या दोघांत शिकलेलं कोण?"

कुणी हसलं नाही. बारानिको खांबाआड बसले होते, त्यांनी मान खाली घातली.

"आजोबा, तुमचं खरं आहे," साहेब चाचरत म्हणाले. "पण तिला धडे येतात की नाही, ते तरी बघायला हवं. तेरेसिया, इकडे ये बाळ. बोल."

तेरेसिया उठली आणि गप्प उभी राहिली. मोठ्यांच्या देखत मानेआबात मुलांनी बोलायचं नसतं, हे साहेब घाईत विसरले होते. पुन्हा तेच होणार, असं मला वाटलं. ही इथे गप्प राहील, आणि गप्प राहिली म्हणून हिला येत नाही असं ठरेल.

"बोल गं पोरी," तेबाउ आजोबा म्हणाले. "आज मी सांगतोय म्हणून बोल. मोठ्याने बोललीस तरी चालेल, मीसुद्धा जरा बहिराच आहे."

आणि ती बोलली. इंग्रजीत, माझ्याच चालीत, पहिला धडा एकही शब्द न चुकता. तो तिला येणारच होता. पण ती थांबली नाही. दुसरा धडा बोलली, तिसरा बोलली. साहेबांनी मधूनच एकोणिसाव्या धड्यातला प्रश्न विचारला, तर त्याचंही उत्तर दिलं. ताबेराबाईंनी कपाळावर हात मारला. तिसरीच्या पोरांत, कपाटाला पाठ लावून बसलेली ही मुलगी बाकीच्या नऊ जणांचे सगळे धडे ऐकत आली होती. मी तिला दारात अडवून धरलं, तर ती भिंतीपलीकडून शिकली.

"काय साहेब?" तेबाउ आजोबांनी विचारलं. "जाणार ना मग ही होडीने?"

तोआनीसाहेबांनी भुवया वर उचलल्या.

मग मागून बेरेनातो किंचाळला, "उत्तर मिळालं नाही! पुन्हा प्रयत्न करा!"

एवढं हसू त्या मानेआबाने कधी ऐकलं नसेल. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटीतून ओरडले, "हो! हो! हो! घ्या, तीनदा म्हणतो!" त्यांनी कागदाची घडी उलगडली आणि दहावं नाव आपल्या हाताने लिहिलं. त्या संध्याकाळी माडावरून असं गाणं आलं की खालून जाणारी माणसं उभी राहिली.

बाईंनी मला काढून टाकलं नाही. कपाटामागून काढून आपल्या शेजारी ठेवलं. गोष्ट मी सांगायचो, 'समजलं का' हे मात्र त्या स्वतः विचारायच्या, मुलाच्या चेहऱ्याकडे बघून. पुढे मोठ्या भरतीचं पाणी शाळेत शिरलं, मिठाने माझी चार्जिंगची जागा खाल्ली, आणि मी डब्यात आलो. त्यात कुणाचा दोष नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या शिक्षक व्हाल, कुणी माझ्यासारखी यंत्रं बनवाल, कुणी नुसतेच मोठे भाऊ-बहीण व्हाल. एखादं मूल गप्प दिसलं तर त्याला येत नाही असं लिहून टाकण्याआधी एकदा उठून त्याच्या समोर जा आणि बघा. माझं तेवढंच मागणं आहे.

मोठ्या शाळेला जायच्या सकाळी तेरेसिया मला भेटायला आली होती. तेव्हा माझ्यात अजून जीव होता. तिने मला मांडीवर घेतलं.

"तेरेतिया," मी म्हणालो.

"तेरेसिया," ती म्हणाली. "ति नाही. सि."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली, तिच्या भाषेत, अगदी सावकाश. एक मुलगी सकाळी उठते, तिचे बाबा माडावर गात असतात, ती होडीत बसते आणि शाळेला जाते. गोष्ट संपल्यावर तिने माझ्याकडे बघून विचारलं, "समजलं का? पुढे जाऊ या का?"

मला सगळं समजलं होतं. पण मला भुवया नाहीत. माझ्या काचेत फक्त तिचाच चेहरा दिसत होता.

ती थांबली. बराच वेळ वाट बघितली. मग झग्याने माझी काच पुसली.

"असू दे," ती म्हणाली. "समजलं असेल."

एक्केचाळीस वेळांत मी तिला एकदाही एवढं म्हणालो नव्हतो.